मुरलेला स्टोलन

दर जानेवारीत मी जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून पुण्याला येते, तेव्हा बॅगेत कपड्यांच्या मधोमध एक स्टोलन, म्हणजे तिथला नाताळचा गोड पाव असतो. मावशी तो हातात घेते, वजनाचा अंदाज घेते आणि विचारते, "कधी केलास गं?" मी म्हणते, "नोव्हेंबरात." की तिचा चेहरा पडलाच! मावशीच कशाला, गेल्या बारा वर्षांत कितीतरी जणांनी हेच विचारलंय: नाताळचा पदार्थ महिनाभर आधी का करून ठेवतात, आणि इतका शिळा केक तुम्ही खाता कसा? आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

मुळात तो केक नाही, यीस्टवर फुगवलेल्या मैद्याचा भरगच्च गोड पाव आहे. ड्रेस्डेनच्या स्टोलनला आपल्या हापूससारखं भौगोलिक मानांकन आहे आणि त्यात प्रमाणही ठरलेलं आहे. किलोभर मैद्याला निदान अर्धा किलो लोणी, ६५० ग्रॅम बेदाणे, २०० ग्रॅम संत्र्या-लिंबाची पाकवलेली साल, १५० ग्रॅम बदाम. मार्गारिन, म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी, चालत नाही.

मी तो शेजारच्या आजींकडे शिकले. बेदाणे आदल्या रात्री रममध्ये भिजत घालायचे. ते पिठात घालायचे सगळ्यात शेवटी आणि हलक्या हाताने, फुटले की पीठ काळवंडतं. भट्टीतून स्टोलन निघाला की आजी चष्मा लावून बसतात आणि वर आलेले जळके बेदाणे नखाने एकेक टिपून काढतात. एक जरी राहिला तरी तो घास कडू लागतो. मग स्टोलन गरम असतानाच पातळ केलेलं लोणी, त्यावर साखर, पुन्हा लोणी, पुन्हा साखर, आणि गार झाल्यावर पिठीसाखरेचा जाड थर. आतला ओलावा टिकतो तो या थरामुळे. एवढं लोणी आणि साखर असल्यावर तो लवकर खराबही होत नाही. कापडात गुंडाळून तो माळ्यावरच्या थंड खोलीत तीन आठवडे ठेवतात.

पहिल्याच दिवशी कापलात तर पाव वेगळा लागेल, बेदाणा वेगळा, रम वेगळी. तीन आठवड्यांत बेदाण्यातली ओल हळूहळू पावात उतरते आणि सगळ्याची मिळून एक चव होते. आजी म्हणतात, स्टोलन पिकतो. मला मात्र आपला शब्द जास्त नेमका वाटतो: मुरतो. लोणचं घातल्या दिवशी कोण वाढतं? अनारशाचं पीठ गूळ घालून दिवसचे दिवस ठेवतोच ना आपण? त्याला कुणी शिळं म्हणत नाही.

या लोण्यासाठी लोकांना वाट बघावी लागली, ती मात्र आठवड्यांची नाही, वर्षानुवर्षांची. नाताळच्या आधीचे आठवडे पूर्वी उपासाचे असत आणि उपासाला दूध-लोणी वर्ज्य. आपल्याकडे उपासाला साजूक तूप चालतं. तिथे नेमकं उलट, तेल चालायचं. त्यामुळे स्टोलन म्हणजे पीठ, पाणी, यीस्ट आणि मोहरीच्या जातीच्या बियांचं उग्र तेल. ड्रेस्डेन ज्या प्रांतात आहे त्या सॅक्सनीचे राजबंधू एर्न्स्ट आणि आल्ब्रेख्त यांनी पोपकडे लोण्याची परवानगी मागितली. पोप इनोसंट आठवे यांचं पत्र आलं १४९१ साली, तोवर एर्न्स्ट हयात नव्हते. परवानगीही फुकट नव्हती. लोणी खायचं तर पैसे भरायचे, आणि त्यातला काही पैसा फ्रायबर्गच्या मोठ्या चर्चच्या बांधकामाला गेला. १५३९ मध्ये ड्रेस्डेन प्रोटेस्टंट झालं, पोपचा अधिकार उरला नाही आणि परवानगीचा प्रश्नच मिटला.

आजींना ही राजेरजवाड्यांची गोष्ट फारशी महत्त्वाची वाटत नाही. त्या सांगतात ते जर्मनीचे दोन देश होते तेव्हाचं, पूर्व जर्मनीच्या दिवसांचं. मैदा होता, साखर होती, पण बेदाणे, बदाम, लिंबाची साल दुकानात वेळेवर मिळेलच असं नाही. मग पाकवलेल्या सालीच्या जागी पाकवलेले हिरवे टोमॅटो यायचे, नाहीतर गाजर. पश्चिम जर्मनीतले नातेवाईक शरदातच पार्सल धाडायचे. वर लिहावं लागे: 'भेटवस्तू, विक्रीचा माल नाही.' आत कॉफी, चॉकलेट, बेदाणे, बदाम. आजींच्या घरी ते बेदाणे नोव्हेंबरपर्यंत कपाटात कुलपात असत. आणि स्टोलन झाले की त्यातला एक पार्सल धाडणाऱ्या आजींच्या मावशीकडे, सीमेपलीकडे, पोस्टाने परत जायचा. तिनेच पाठवलेले बेदाणे पावात मुरून तिच्या ताटात. हे सांगताना आजींचा आवाज दरवेळी बदलतो.

त्यांच्याकडे पत्र्याची एक छोटी पट्टी आहे, भट्टीच्या धगीने काळी पडलेली, वर आडनाव ठोकलेलं. ड्रेस्डेनला घरोघरच्या बायका आपापलं सामान घेऊन बेकरीत जात आणि आपला स्टोलन ओळखू यावा म्हणून ही पट्टी त्यात खोचत. घरी नेताना जपून न्यायचा. वाटेत मोडला तर वर्षभरात घरातलं कुणी जातं, अशी समजूत होती. ती पट्टी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला दिवाळीआधीची आमच्या गल्लीतली बेकरी आठवली. आई रवा, मैदा, पिठीसाखर, तूप डब्यात भरून नानकटाई करायला न्यायची, आणि आपल्या ट्रेवर दुसऱ्याची चिठ्ठी लागू नये म्हणून मी तिथेच उभी राहायचे.

तर मावशी, यंदा आणीन तेव्हा फ्रिजमध्ये ठेवू नकोस, कापडात गुंडाळून थंड जागी ठेव. आणि टोकाकडून कापायला घेऊ नकोस. बरोब्बर मधोमध काप, तिथून दोन-तीन पातळ चकत्या काढ आणि उरलेले दोन्ही भाग एकमेकांना घट्ट चिकटवून ठेव, म्हणजे कापलेली बाजू सुकत नाही. आजींकडे शेवटची चकती कधी कधी ईस्टरला खातात.