आमची वाटचाल : दुकानातली माणसे आणि त्यांचा पगार

परभणीच्या बाजारपेठेत आमचे कापडाचे दुकान १९८६ साली सुरू झाले. दाजी आणि मी असे दोघे भागीदार होतो. भांडवल सरकारी एकाधिकार खरेदीत घातलेल्या आमच्या घरच्या कापसाचे होते. धंद्याची जाण मात्र सर्वस्वी दाजींची होती. त्यांनी उमेदीची वर्षे एका मोठ्या शहरातल्या घाऊक पेढीवर नोकर म्हणून काढली होती. तिथे लग्नकार्यासाठी घेतलेली उचल माणसाला वर्षानुवर्षे बांधून ठेवी, एका दिवसाच्या खाड्यापोटी दोन दिवसांचा पगार कापला जाई आणि दिवाळीच्या रात्री गठ्ठे मोजून झाल्याशिवाय कोणाला घरी जाता येत नसे. दुकानाचे शटर पहिल्यांदा उघडण्यापूर्वीच दाजींनी वहीच्या पहिल्या पानावर आपला नियम लिहिला : गल्ल्यातून आधी नोकरांचा पगार, मग पेढ्यांचे देणे आणि मग आपले घर. पगार सात तारखेच्या आत झाला पाहिजे, असे कायदाही सांगतो, पण आमच्या बाजारात ते पाळणारी दुकाने तेव्हा मोजकीच होती.

दाजींचा लोखंडी गज आजही आमच्याकडे आहे. वैधमापन विभागाचे शिक्के त्याच्या टोकाशी एकावर एक बसले आहेत आणि हाताच्या घामाने मधला भाग गुळगुळीत झाला आहे. सोबतची मेरठची कात्री इतकी जड आहे की नवशिक्याचे मनगट तासाभरात भरून येते, पण ताक्यावर एकदा चालू लागली की कापड सरळ दोऱ्यात कापत जाते. नव्या मुलाच्या हाती ही कात्री कधी द्यायची, हे दाजी ठरवत. माप टाकताना जो कापड ताणत नाही आणि शेवटी चार बोटे सैल सोडतो, तोच मुलगा कात्रीला लायक, असे ते म्हणत. कात्री मिळाली की त्याच महिन्यापासून पगार वाढे. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल हे किमान वेतनाचे शासकीय वर्ग मी पुढे कागदावर वाचले, परंतु आमच्या दुकानात हा फरक कात्रीवरून आधीच ठरत असे. पुढची तीस वर्षे उरूस, लगीनसराई आणि दिवाळी या फेऱ्यात सुखाने गेली. दाजी थकले, त्यांनी अंग काढून घेतले आणि त्यांचा हिस्सा मी रीतसर चुकता केला.

खरी कसोटी २०१८ साली लागली. शहराबाहेरच्या रस्त्यावर एका मोठ्या साखळी दुकानाची शाखा उघडली आणि दिवाळीच्या तोंडावर त्यांचा एक माणूस आमच्या मुलांना चहाच्या टपरीवर गाठू लागला. आमच्याकडे तेव्हा चौदा माणसे होती. त्यांतले सहा जण एका आठवड्यात गेले, आणि त्यांत कात्री मिळालेले तिघे होते. माणूस अधिक पगारासाठी जातो, यात मला कधीच काही वावगे वाटले नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती अजून गेलेली नाही. त्यांना जो आकडा सांगितला गेला, तो पगाराचा नव्हताच.

हा हिशेब मी त्या वेळी कागदावर मांडून पाहिला होता. सांगितलेला आकडा १४,००० रुपयांचा होता. त्यात भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा १२ टक्के वाटाही धरलेला होता. निधीसाठी धरलेले मूळ वेतन १०,००० असल्याने मालकाचे १,२०० आणि कामगाराचे १,२०० वजा जाता ११,६०० उरत. त्यांतले १,००० हजेरी भत्त्याचे असून महिन्यात एक खाडा झाला की ते जात, आणि १,५०० विक्रीच्या लक्ष्याचे होते, जे दुष्काळी वर्षात परभणीत गाठणे कोणालाच शक्य नव्हते. म्हणजे हातात ९,१०० पडत. आमच्याकडे निधीची कपात होऊन ११,००० हातात पडत आणि दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस म्हणून मिळे. बोनसच्या कायद्यातला किमान ८.३३ टक्के हा दरही वर्षाला एका महिन्याच्या पगाराइतकाच होतो. निधी आणि बोनस या दोन्हींची सक्ती वीस माणसांपासून लागू होते, त्यामुळे चौदा माणसांच्या दुकानावर ती नव्हती. तरीही मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने निधीत नोंदणी करता येते, आणि ती आम्ही कितीतरी आधीच करून घेतली होती. बाजारातल्या काही व्यापाऱ्यांनी यावरून मला वेड्यात काढले. तू सगळ्यांचा भाव वाढवून ठेवतोस, असे एकाने मला तोंडावर सुनावले होते.

दुसरा फरक पगारपत्रकावर दिसत नाही. आमचे दुकान गादीचे आहे. गिऱ्हाईक बसते, दाखवणाराही बसतो आणि दुपारी गर्दी ओसरली की पाठ टेकतो. नव्या दुकानात विक्रीच्या माणसाने पूर्ण पाळी उभे राहायचे, असा दंडक होता. टेकायलासुद्धा जागा ठेवलेली नव्हती. केरळात कोझिकोडच्या मिठाई तेरुवू बाजारात दुकानांतून काम करणाऱ्या स्त्रियांनी आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. त्यातून २०१८ मध्ये त्या राज्याने कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली आणि २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसेच केले. आमच्या साडी विभागातल्या बायकांपैकी त्या वेळी एकीनेही दुकान सोडले नाही. त्यांना कारण विचारले तेव्हा पगाराआधी त्यांनी बसायला मिळणारी गादी आणि मागच्या अंगणातले कुलूप लावता येणारे स्वच्छतागृह, या दोनच गोष्टी सांगितल्या.

तरीही ते वर्ष आम्हांला बुडवायलाच आले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये शासनाने राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत मराठवाड्यातले अनेक होते. कापूस एका वेचणीत संपला आणि लोकांनी लग्ने पुढे ढकलली. सुरतेच्या एका पेढीने उधारी थांबवली, तर इचलकरंजीच्या पेढीने जुनी बाकी आल्याशिवाय माल सोडणार नाही असे कळवले. सात तारीख पाळण्यासाठी मला दोन वेळा घरातले सोने गहाण ठेवावे लागले, पण तारीख चुकली नाही. त्या लगीनसराईत पूर्णा नदीकाठच्या एका गावातले पाटील नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आले. कितीतरी वर्षांपासून आमच्याकडे येणारे हे घर आहे. येण्यापूर्वी त्यांचा मुलगा सर्वांना नव्या दुकानात घेऊन गेला होता. पाटील गादीवर बसले, पागोटे बाजूला ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला, "मामा हायत का?" मामा म्हणजे आमचे सर्वांत जुने सेल्समन, त्यांना पाटलांच्या घरातल्या प्रत्येक बाईची आवड ठाऊक होती. मानपानाची लुगडी, आहेराची कापडे, नवरीचा शालू असे सगळे पाहता पाहता संध्याकाळ झाली, आणि त्या एका बस्त्याच्या रोख पैशांतून इचलकरंजीची बाकी फिटली. जुना माणूस टिकवण्याचा खर्च फार होतो असे म्हणणाऱ्या तरुण दुकानदारांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत मामा गेले. टाळेबंदीतही दुकानाने त्यांच्या निधीचा एकही महिना चुकवला नव्हता, म्हणून मामींना विधवा निवृत्तिवेतन लगेच सुरू झाले. निधीशी जोडलेल्या ठेव संलग्न विम्याची रक्कमही मिळाली. या विम्यापोटी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही, मालकच अर्धा टक्का भरतो, आणि त्याची कमाल मर्यादा त्याच वर्षी सात लाख झाली होती. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटीही देय होती; मृत्यू झाल्यास तिला पाच वर्षांच्या सेवेची अट नसते. दर वर्षाच्या सेवेला पंधरा दिवसांचा पगार या हिशेबाने ती रक्कम मी मामींच्या खात्यात जमा केली. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कोणत्याही दुकानाला हे कायद्याने द्यावेच लागते, हे आमच्या बाजारातल्या निम्म्या मालकांना ठाऊक नाही आणि उरलेल्यांना ठाऊक असूनही ते बोलत नाहीत.

गेलेल्या सहांपैकी दोघे टाळेबंदीनंतर परत आले. त्यांतल्या एकाचे निधीचे पासबुक मी मोबाइलवर उघडून पाहिले. साखळी दुकानाने त्याला कधी स्वतःचा कामगार मानलेच नव्हते. दोन वर्षांत दोन कंत्राटदार झाले होते, दोघांची खाती वेगळी होती आणि दुसऱ्याने पगारातून कापलेली काही महिन्यांची वर्गणी भरलीच नव्हती. त्या मुलाने तक्रार नोंदवली, पण तोवर कंत्राटदाराचे कार्यालय बंद झाले होते. ज्या दुकानाचा गणवेश घालून तो दिवसभर उभा राहिला, त्या दुकानाने हात वर केले.

आजही दसऱ्याच्या सुमारास भरतीचे फलक लागतात आणि मुले नियुक्तीपत्र घेऊन माझ्याकडे वाचून घ्यायला येतात. त्यात आमची असतात, तशी शेजारच्या दुकानांतलीही असतात. पत्रावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे, सांगितलेल्या आकड्यात मालकाचा निधी धरला आहे का, एका खाड्याला किती कापणार, दोनशे चाळीस दिवस भरल्यावर वीस दिवसांमागे एक रजा मिळणार की नाही, हे मी प्रत्येकाला विचारायला लावतो. गेल्या वर्षी आमच्याच साडी विभागातल्या एका मुलीने असे पत्र आणले. त्यावर एका मनुष्यबळ पुरवठादाराचे नाव होते आणि मुदत अकरा महिन्यांची होती. हातात पडणारी रक्कम मात्र सगळी वजावट करूनही आमच्यापेक्षा जास्त भरत होती. तिने पत्र माझ्यापुढे ठेवले आणि तेवढा पगार मागितला. मागणे रास्त होते. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून त्या विभागातल्या चौघींचीही वाढ मी जानेवारीच्या पगारापासून लागू केली.