ऑक्टेनच्या आधी इथेनॉल बघा

छोट्या विमानांत बसणाऱ्या रोटॅक्स ९१२ यूएलएस या शंभर अश्वशक्तीच्या इंजिनाला अमेरिकन मोजमापाने किमान ‘९१’ ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा आकडाही कित्येक वर्षं ९१च होता. आकडा जुळला म्हणून कॅन भरून आणला की घात झालाच. अमेरिकेतला ९१ हा एकेआय, म्हणजे आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजायच्या दोन चाचण्यांची सरासरी. आपण बोलतो तो नुसता आरओएन, आणि त्याच पेट्रोलचा आरओएन एकेआयपेक्षा चार-पाच अंकांनी जास्त भरतो. म्हणजे यूएलएसला आपल्या भाषेत ९५ आरओएन हवं. ऐंशी अश्वशक्तीच्या ९१२ यूएलचं कॉम्प्रेशन कमी, नवास एक, म्हणून त्याला ९० आरओएन पुरतं. एव्हगॅस १०० एलएल या विमानांसाठीच्या खास पेट्रोलमधला १०० तर तिसऱ्याच मापातला, एमओएनच्या जवळचा (किमान ९९.६). पुस्तिका उघडलीत की आकड्याशेजारची अक्षरं आधी वाचा.

हे सगळं खरं असलं तरी आज गोव्यात ऑक्टेन ही दुसऱ्या नंबरची अडचण आहे. पहिली इथेनॉलची.

२०२५पासून देशभरातल्या पंपांवर मिळणारं साधं पेट्रोल ई२० झालंय, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉलमुळे ऑक्टेन चढतं, त्यामुळे ई२०चा आरओएन ९५ भरतो. कागदावर यूएलएसची अट पुरी झाली असं वाटतं आणि नेमकी इथेच फसगत होते. रोटॅक्सने ९१२ मालिकेला ई१०पर्यंतच परवानगी दिलेली आहे. फ्युएल इंजेक्शनवालं ९१२ आयएससुद्धा त्याला अपवाद नाही. सेसना १५०सारख्या जुन्या विमानांना मोटारीचं पेट्रोल वापरण्याची जी पूरक मंजुरी अमेरिकेत १९८२पासून मिळू लागली, तिच्यात तर इथेनॉल अजिबात चालत नाही. आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. मंजुरी दोन ठिकाणी लागते, इंजिनाच्या पुस्तिकेत आणि विमानाच्या पुस्तिकेतही. इंजिनाला ई१० चाललं तरी पंखातल्या टाकीच्या सीलंटला, फायबरच्या टाकीतल्या रेझिनला किंवा नळ्यांच्या रबराला ते चालेलच असं नाही. दोन्ही पुस्तिकांतली कडक अट असेल ती पाळायची.

ई२०ने नेमकं बिघडतं काय, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. ई२०चं गणित साडेतेराच्या आसपास येतं. कार्ब्युरेटरचा जेट (इंधन सोडणारं बारीक छिद्र) मात्र पूर्वीच्याच हिशेबाने इंधन सोडतो. परिणामी मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि टेक-ऑफला, पूर्ण थ्रॉटलवर, इंजिनाला नॉकिंगपासून (इंधन अवेळी, स्फोटासारखं पेटण्यापासून) वाचवणारी जी जास्तीची श्रीमंती, म्हणजे जादा इंधन, हवी ती राहत नाही. मोटारीत कॉम्प्युटर ही भर आपोआप घालतो, रोटॅक्सवरच्या बिंग कंपनीच्या कार्ब्युरेटरला ते कोण सांगणार? त्यात रबर फुगतं. बिंग ६४ कार्ब्युरेटरचे फ्लोट, म्हणजे इंधनाची पातळी राखणारे तरंगे, इंधन पिऊन जड होतात, पातळी चढते आणि वरच्या नळीतून इंधन ठिबकू लागतं. फ्लोटची जोडी काढून काट्यावर ठेवा. सात ग्रॅमच्या वर गेली तर बदला, वाळवून परत बसवू नका. रबरी नळ्या रोटॅक्स पाच वर्षांनी बदलायला सांगतं. चुकून ई२० पडलेल्या विमानात त्या पाच वर्षांची वाट बघू नये, असं माझं ठाम मत आहे.

पण गोव्याच्या हवेत सगळ्यात वाईट भाग पाण्याचा. एव्हगॅसमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही. टाकीत ओल शिरली तर थेंब खाली बसतात आणि सकाळी सम्पमधून, म्हणजे टाकीच्या तळाच्या निचऱ्याच्या तोटीतून, नमुना काढला की काचेच्या तळाला स्वच्छ बुडबुडा दिसतो. तो निळ्या इंधनाखाली पांढरा उठून दिसतो, लपत नाही. ई२०मधलं इथेनॉल मात्र ते पाणी पोटात घेतं. नमुना काढला तर काच स्वच्छ, आपण खूश. मर्यादा ओलांडली की, किंवा इंधन थंड झालं की, पाणी आणि इथेनॉल मिळून एकदम वेगळे पडतात आणि टाकीच्या तळाशी थर करतात. इंधनाची नळी तळाजवळूनच निघते. दर हजार फुटांना हवा साधारण दोन अंश थंड होते. खाली ३३ अंश असेल तर चार हजार फुटांवर पंचवीस. जमिनीवर एकजीव असलेलं इंधन वर फुटू शकतं, ते असं. आणि खालचा थर इंजिनात गेल्यावर वर उरलेलं पेट्रोल इथेनॉल गमावून बसलेलं असतं, म्हणजे त्याचं ऑक्टेनही उतरलेलं. दोन्हीकडून मार.

म्हणून पंपावरचं कुठलंही पेट्रोल, ‘प्रीमियम’ असो की शंभर ऑक्टेनचं असो, नावावर विश्वास ठेवून टाकीत ओतू नका. ऑक्टेनचा आकडा इथेनॉलबद्दल काहीच सांगत नाही. चाचणी घरच्या घरी होते आणि पाच मिनिटं लागतात. शंभर मिलिलिटरची खुणा असलेली काचेची उभी नळी घ्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. दहाच्या खुणेपर्यंत पाणी घाला. वरून शंभरच्या खुणेपर्यंत पेट्रोल. बूच लावून मिनिटभर हलवा, मधून मधून बूच सैल करून वाफ सोडा, मग सपाट जागी ठेवा. थर निवळले की खालच्या थराची रेषा डोळ्याच्या पातळीला आणून वाचा. दहावरच असेल तर इथेनॉल नाही. अठरा-एकोणीसच्या आसपास आली तर ई१०. पंचवीसच्या पुढे गेली तर तुमच्या हातात ई२० आहे. पाण्यात खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाकला तर रेषा लांबूनही कळते. दर नव्या कॅनला ही चाचणी करायची. मागच्या महिन्यात त्याच पंपाने काय दिलं होतं त्यावर जायचं नाही.

या चाचणीवरून काहींना भलतीच युक्ती सुचते: पिंपात पाणी घालून ढवळायचं, इथेनॉल खाली बसलं की वरचं पेट्रोल काढून घ्यायचं. कृपा करून हे करू नका. कंपन्या ई२०साठीचं मूळ पेट्रोल कमी ऑक्टेनचंच बनवतात, उरलेलं ऑक्टेन इथेनॉल भरून काढतं. ‘धुतलेलं’ पेट्रोल म्हणजे ऑक्टेन किती ते ठाऊक नसलेलं, वर पाण्याने संपृक्त झालेलं द्रव. यूएलएसमध्ये ते नॉक करेल. तसं नॉकिंग पंख्याच्या आवाजात ऐकूही येत नाही. पिस्टनला भोक पडल्यावर कळतं.

केरी-हरमलच्या पठारासारख्या जागी पॅरामोटर (पाठीवर इंजिन-पंखा आणि वर कापडी पंख) घेऊन उडणाऱ्यांनी तर हे दुप्पट गंभीरपणे घ्यावं. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल इंधनातूनच मिळतं. इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा पडला की त्या थरात तेल नसतं. तो थर आत गेला की काही सेकंदांत सिलिंडर कोरडा, पिस्टन अडकलेला. मिश्रणाचं प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेतलंच धरा. रोटॅक्स ५८२ला पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर आणि पाच लिटरला १००. कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग मोजलेलं तेल, हलवून घ्या, मग उरलेलं पेट्रोल आणि परत हलवा. तेल आधी रिकाम्या कॅनच्या तळाला ओतलं तर ते कोपऱ्यात चिकटून राहतं. आणि जेवढं त्या दिवशी जळेल तेवढंच कालवा.

राहिलं एव्हगॅस. पूर्वी आपल्याकडे ते सगळं बाहेरून यायचं. २०२२च्या सप्टेंबरात इंडियन ऑइलने गुजरात रिफायनरीत बनवलेलं एव्हगॅस १०० एलएल बाजारात आणलं. ज्यांच्या विमानात लायकमिंग किंवा काँटिनेंटल इंजिन आहे त्यांना विचार करायचं कारणच नाही. सेसना १५२चं ओ-२३५-एल२सी असो की १७२ एसचं आयओ-३६०, त्यांना १०० एलएलच घालायचं. रोटॅक्सवाल्यांनाही, इथेनॉलमुक्त पेट्रोल खात्रीने मिळत नसेल तर, मी एव्हगॅसच सांगेन. ते महाग पडतं, मिळवायला खटपट पडते, तरीही. आपल्या नॅलच्या (नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज) हंसा-३ या छोट्या विमानामध्ये रोटॅक्स ९१४ आहे आणि नव्या हंसा-एनजीमध्ये ९१२ आयएस, तेव्हा हा प्रश्न हौशी मंडळींपुरता नाही.

एव्हगॅसची किंमत मात्र शिशाच्या रूपानेही मोजावी लागते. १०० एलएलमध्ये लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं. नावात ‘लो लेड’ आहे ते जुन्या हिरव्या १००च्या मानाने, त्यात याच्या दुप्पट असायचं. रोटॅक्समध्ये गिअरबॉक्सला वेगळं तेल नसतं, इंजिनाचंच तेल तिथे फिरतं. त्यामुळे शिशाचा राखाडी गाळ क्लचपर्यंत पोचतो. तीस टक्क्यांहून जास्त तास एव्हगॅसवर होत असतील तर तेल आणि फिल्टर दर २५ तासांनी बदला. तेल बदलताना तेलाची टाकी उघडा आणि तळ फडक्याने पुसा. बोटांना चिकणमातीसारखा राखाडी लेप लागला तर तो शिशाचाच, आणि नुसतं तेल गाळून काढल्याने तो निघत नाही. पूर्ण सिंथेटिक तेल इथे चालत नाही, कारण ते हा गाळ धरून ठेवत नाही. अर्ध-सिंथेटिक घ्या.

जुन्या काँटिनेंटल ओ-२००ची व्यथा वेगळी. ते ८०/८७ इंधनासाठी बनलं, कॉम्प्रेशन सातास एक. १०० एलएलमध्ये त्या जुन्या इंधनाच्या चौपट शिसं. इंधनात घातलेलं ब्रोमाइड शिशाला वाफ करून बाहेर काढतं, पण प्लगचं टोक पुरेसं तापलं तरच. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, मिश्रण भरपूर श्रीमंत ठेवलं की प्लग थंड राहतो आणि खालच्या प्लगांत शिशाचे मणी जमतात. उपाय साधा: जमिनीवर मिश्रण सढळ हाताने लीन करा, टेक-ऑफआधी पूर्ण रिच करायला विसरू नका. बंद करण्याआधी १८०० आरपीएमवर १५-२० सेकंद चालवा, मग १२०० वर आणून लगेच मिक्श्चरच्या दांड्याने इंधन तोडून बंद करा. लायकमिंगचाही हाच सल्ला आहे.

मे महिन्यात पेट्रोलवाल्यांना आणखी एक त्रास होतो तो वेपर लॉकचा. एव्हगॅसचा बाष्पदाब ३८ ते ४९ किलोपास्कलमध्ये बांधलेला असतो, मोटारीच्या पेट्रोलचा त्याहून चढा असू शकतो. उतरून इंजिन बंद केलं, काउलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) पंधरा-वीस मिनिटं शिजलं आणि परत उडायला गेलं की नळीत वाफ भरलेली. काउलिंगवरचं तेल तपासायचं दार उघडं ठेवा, नाक वाऱ्याकडे करून विमान उभं करा. रोटॅक्सची टाकीकडे जाणारी परतीची नळी वाफ बाहेर काढते, ती कधीही बंद करू नका. इंधनाचा दाब ०.१५ बारखाली जात असेल तर उडायचं नाही.

जेट ए-१बद्दल, म्हणजे जेट विमानांच्या केरोसीनसारख्या इंधनाबद्दल, थोडक्यात. डायमंड डीए४२सारख्या विमानांतली ऑस्ट्रोची डिझेल इंजिनं तेच पितात. पण दाबोळी असो की मोपा, मोठ्या विमानतळावर ‘इंधन’ म्हटलं की समोरच्याच्या मनात जेट ए-१ येतं, म्हणून एव्हगॅसची सोय येण्याआधीच ठरवून घ्या आणि भरताना स्वतः उभे राहा. एव्हगॅसचं लेबल लाल, जेटचं काळं. पेट्रोल इंजिनात जेट पडलं तर नळ्यांत उरलेल्या एव्हगॅसवर इंजिन सुरू होतं, टॅक्सीही होते. बंद पडतं ते टेक-ऑफनंतर. रंगावर भरवसा नको, थोडं जेट मिसळलं तरी निळं दिसतंच. पंपावर भेसळ तपासायला मागून घेतो तसला फिल्टर पेपर घ्या आणि एक थेंब टाका. एव्हगॅस उडून जातं, कागद कोरा. जेट असेल तर तेलकट कडं मागे राहतं.

शेवटचं साठवणुकीचं. पिंपात घेतलेलं एव्हगॅस पावसाळ्यात उभं ठेवू नका. वरच्या खोलगट झाकणावर पावसाचं पाणी साचतं, रात्री पिंप थंड होऊन आत हवा ओढतं आणि बुचाच्या आट्यांतून पाणीही. आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे दोन्ही इंधनाखाली बुडालेली. वापरायच्या आदल्या दिवशी उभं करून थोडं तिरकं टेकवा आणि हातपंपाची नळी तळापासून चार बोटं वर ठेवा. पेट्रोल घरी आणत असाल तर परवान्याशिवाय ३० लिटरच ठेवता येतं. कॅन गाडीत ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवा, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

पावसाळाभर विमान उभं राहणार असेल तर टाकी काठोकाठ एव्हगॅसने भरून ठेवा, रिकाम्या जागेत हवा राहिली की ओल तिथेच धरते. चतुर्थीनंतर पहिल्यांदा उघडताना प्रत्येक सम्पमधून, गाळणीच्या भांड्यातून आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतून नमुना काढा. पंख हलवा, एव्हगॅसच्या खोलीच्या दर फुटाला पंधरा मिनिटं थांबा, परत काढा. काढलेले नमुने मातीत ओतू नका. त्यात शिसं आहे आणि आपला जांभा दगड पाणी थेट विहिरीपर्यंत पोचवतो. त्यासाठी झाकणाचा एक धातूचा डबा हँगरच्या बाहेर सावलीत ठेवलेला असावा.