पावसाळी राजगड आणि तीन जॅकेट

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझी भाची आणि माझा एक जुना मित्र असे तिघे गुंजवणे गावातून चोरदरवाजाने राजगड चढलो आणि पाली दरवाजाने उतरलो. चढायला लागल्यापासून उतरेपर्यंत पाऊस जेमतेम अर्धा तास थांबला असेल. तिघांच्या अंगावर तीन निरनिराळ्या प्रकारची पावसाळी जॅकेट होती आणि तिन्ही एकाच वाटेवर, एकाच पावसात पारखता आली, म्हणून हा वृत्तांत मुख्यतः त्यांच्याविषयी आहे. यंदा पुण्याहून पावसाळ्यात गडावर जाणाऱ्या आणि त्यासाठी नवे जॅकेट घेऊ पाहणाऱ्या कोणालाही त्याचा उपयोग व्हावा.

मित्राकडे स्कूटरवर वापरायचा नेहमीचा जाड रेनकोट होता, कोट आणि पँट मिळून किलोभर वजनाचा. माझे जॅकेट सुमारे साडेतीनशे ग्रॅमचे, आतून लेप दिलेल्या पातळ नायलॉनचे. त्याच्या पट्टीवर १०,००० मिलिमीटर असा आकडा होता आणि त्याच्याच भरवशावर मी ते घेतले होते. भाचीचे तीन थरांचे, माझ्यापेक्षा थोडे जड. मात्र त्याला दोन्ही काखांत लांब चेन होत्या. दुकानात मला त्या चेन म्हणजे अनावश्यक खर्च वाटल्या होत्या.

पहाटे साडेपाचला आम्ही कोथरूडहून भाड्याच्या जीपने निघालो. सातारा रस्त्याने नसरापूर फाटा, तेथून वेल्ह्याच्या रस्त्याने मार्गासनी आणि मार्गासनीहून डावीकडे साखरमार्गे गुंजवणे. चढ आणि उतार वेगळ्या वाटांनी करायचा असेल, तर चालकाला पाली गावाच्या बाजूला गाडी आणायला आधीच सांगून ठेवावे, कारण गडावर मोबाइलची रेंज मिळेलच असे नाही. स्वतःची गाडी असेल, तर पालीकडूनच चढून तिकडूनच उतरणे सोयीचे. ती वाट रुंद आहे, वर पायऱ्या आहेत आणि पावसात चोरदरवाजापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

गुंजवण्याच्या शिवारात भाताची लावणी चालली होती. बहुतेकांच्या डोक्यावर प्लास्टिकची खोळ होती. एका वयस्कर बाईंनी मात्र कामट्यांचे आणि पानांचे जुने इरले घेतले होते. डोक्यावरून पाठीवर उतरणारे, पुढून पूर्ण उघडे आणि पाठीला न चिकटता थोडे वर राहणारे ते इरले मी आधी अनेकदा पाहिले होते, पण त्याच्या रचनेचा विचार कधी केला नव्हता. बांधावर उभे असलेल्या एका शेतकऱ्याने आमच्या गळ्यापर्यंत बंद केलेल्या चेन पाहिल्या आणि म्हणाला, "दादा, अंगाला वारं लागू द्या थोडं, न्हाय तर आतनंच भिजाल." त्याचे म्हणणे तासाभरात अक्षरशः खरे ठरले.

गावातून निघालेली वाट आधी झाडीतून चढते आणि मग डोंगराच्या उघड्या सोंडेवर येते. सोंडेवर पोहोचेपर्यंत मित्र कोटाच्या आत ओलाचिंब झाला होता, कारण प्लास्टिकचा लेप असलेल्या जाड कापडातून वाफ बाहेर पडायला कोणतीच वाट नसते. माझीही अवस्था फारशी वेगळी नव्हती. लेपाचे कापड उघड्या दंडांना चिकटत होते आणि कोपरापाशी घामाचे पाणी साचले होते. भाचीने काखेतल्या चेन पूर्ण उघडल्या होत्या आणि समोरची चेन छातीपर्यंत खाली घेतली होती. तिचा टीशर्ट दमट होता, पण पिळून काढावा असा नव्हता.

यामागचे कारण समजून घेतले, तर खरेदीच्या वेळी आकड्यांची भूल पडत नाही. १०,००० मिलिमीटर याचा अर्थ असा, की कापडावर १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब येईपर्यंत पाणी झिरपत नाही. वरून पडणाऱ्या पावसाचा दाब त्याच्या जवळपासही नसतो. सॅकच्या पट्ट्याखाली, गुडघा टेकल्यावर किंवा ओल्या कातळावर बसल्यावर मात्र दाब वाढतो. त्यामुळे एवढा आकडा आपल्या कामाला माझ्या मते पुरेसा आहे आणि २०,००० साठी दुप्पट पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही. पण हा आकडा फक्त बाहेरून आत येणाऱ्या पाण्याविषयी बोलतो. आतली वाफ बाहेर जाण्यासाठी आत आणि बाहेर बाष्पाच्या प्रमाणात फरक असावा लागतो. ५ अंश तापमानाची संपृक्त हवा घनमीटरला सुमारे ७ ग्रॅम बाष्प धरते, तर २२ अंशांची सुमारे १९ ग्रॅम. थंड प्रदेशातल्या डोंगरांत अंगाजवळची उबदार वाफ कापडातून जोराने बाहेर खेचली जाते. आपल्या सह्याद्रीत जुलैमध्ये बाहेरची हवाच बाष्पाने इतकी भरलेली असते, की ती ओढ फार क्षीण होते. गोरटेक्ससारखा महागडा, सूक्ष्म छिद्रांचा पापुद्राही या नियमाला अपवाद नाही. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांनी ताणून तयार केलेल्या ज्या पदार्थापासून तो मुळात बनला, त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा मोठी असतात हे खरे आहे. पण दार उघडे असले, तरी बाहेर जागा असल्याशिवाय गर्दी बाहेर पडत नाही.

म्हणून आपल्या पावसासाठी जॅकेट निवडताना पाणी किती अडते, यापेक्षा हवा कोठून खेळते हा प्रश्न मी आधी विचारेन. काखेत चेन असाव्यात आणि त्या सॅक पाठीवर असतानाही एका हाताने उघडता याव्यात. खिसे आतून जाळीचे असतील, तर त्यांच्या चेन उघडूनही हवा घेता येते. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल रेनकोट, हवेशीर असतो, इरल्याच्या सर्वांत जवळचा म्हणावा असा, आणि सपाट जंगलवाटेवर मला तो आवडतो; परंतु कड्यावर तो वाऱ्याने तोंडावर येतो आणि पाय कोठे पडतो आहे ते दिसत नाही. राजगडासाठी तो नेऊ नये.

चोरदरवाजाच्या खालच्या कातळटप्प्यावर लोखंडी कठडा धरून चढावे लागते. हात डोक्याच्या वर गेले, की कठड्यावरून ओघळणारे पाणी मनगटातून थेट काखेपर्यंत उतरते. माझ्या बाह्यांना नुसते इलॅस्टिक होते आणि मी दोन्ही बाजूंनी भिजलो. भाचीच्या बाह्यांना वेल्क्रोची पट्टी होती, ती तिने चढण्यापूर्वी आवळली. दुकानात जॅकेट घालून दोन्ही हात पूर्ण वर करून पाहावेत. बाह्या कोपराकडे सरकल्या किंवा कंबर उघडी पडली, तर माप चुकले आहे. टोपीला पुढे कडक चोच आणि मागे आवळायची नाडी असावी. मान वळवली की टोपीही वळली पाहिजे, नाही तर कातळावर एका डोळ्याने चढावे लागते. माझ्यासारखा चष्मा असणाऱ्यांनी या चोचीबाबत तडजोड करू नये.

चोरदरवाजातून आपण पद्मावती तळ्याजवळ बाहेर येतो. तेथून सुवेळा माचीकडे निघालो तेव्हा ढग माचीवरून वाहत होते आणि दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. भाचीचे जॅकेट नारिंगी, माझे गडद राखाडी. मी दोनदा मागे राहिलो आणि दोन्ही वेळा ती मला हाका मारत परत आली. "मामा, तू दगडासारखाच दिसतोस," असे ती म्हणाली, आणि धुक्यात त्याचा अर्थ गंभीर आहे. पिवळा, नारिंगी किंवा लाल रंगच घ्यावा.

नेढ्याच्या, म्हणजे माचीवरच्या कातळातल्या आरपार भोकाच्या, अलीकडे वारा इतका होता, की आम्ही पुढे न जाता वळलो. बालेकिल्ल्याचा निसरडा कातळटप्पाही सोडून दिला. याच ठिकाणी जॅकेटचे दुसरे आणि माझ्या मते खरे काम कळले. चढताना अंग तापलेले असते आणि भिजण्याने फारसे बिघडत नाही. माचीवर थांबल्यावर मात्र ओल्या अंगावर वारा लागून दहा मिनिटांत दात वाजू लागतात, बोटांना गाठ सुटत नाही, आणि अशा वेळी माणूस चुकीचे पाऊल टाकतो. तेव्हा सगळ्या चेन बंद करून वारा अडवणारे कापड हवे असते. मित्राचा रेनकोट सोंडेवर बाभळीच्या काट्याने खांद्यापाशी फाटला होता, त्यामुळे त्याला सर्वाधिक थंडी वाजली. पद्मावती देवीच्या देवळात येऊन त्याने कोरडा टीशर्ट घातला, तेव्हा कोठे तो सावरला. तो टीशर्ट सॅकच्या आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला होता. सॅकवरचे कव्हर वाऱ्याने उडते आणि पाठीकडून पाणी आत जातेच, तेव्हा आतली पिशवी अनिवार्य समजावी. आत सुती कपडा घालू नये. तो पाणी धरून ठेवतो आणि अंगाची ऊब खेचतो.

वजनाचा मोहही आवरावा. दीडशे-दोनशे ग्रॅमची जॅकेट मुठीत मावतात, पण करवंदीच्या जाळ्या, कारवीचे खुंट आणि कातळाचे घासणे त्यांना सोसत नाही. तीनशे ते चारशे ग्रॅम हे वजन आपल्या वाटांना योग्य वाटते. पावसाळी पँट मला निरुपयोगी वाटली. लवकर सुकणारी साधी पँट पुरते.

घेतलेले जॅकेट घेऊन थेट राजगडला जाऊ नये. आधी न्हाणीघरातल्या शॉवरखाली सॅकसह दहा मिनिटे उभे राहावे आणि आत खांद्यांवर वर्तमानपत्राचा कागद ठेवावा. शिवणीवरची टेप कोठे सुटली आहे, ते त्यावरच्या ओल्या डागांवरून कळते. मग एका रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढावा. पुणे दरवाजापर्यंतच्या सलग चढावर घाम कोठे साचतो ते समजते आणि काही बिघडले, तर घर तासाभरावर असते.

परत आल्यावरची निगा आपल्याकडे अधिक महत्त्वाची आहे. माझे याआधीचे जॅकेट मी ऑगस्टभर ओलसर अवस्थेत त्याच्या छोट्या पिशवीत कोंबून ठेवले. दमट उष्णतेने आतला लेप चिकट झाला आणि पुढच्या वर्षी पापड्या होऊन सुटला. आता मी नवे जॅकेट सौम्य द्रव साबणाने धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून, पंख्याखाली हँगरवर वाळवतो. कपडे मऊ करणारे द्रव त्याला लावत नाही. बाहेरच्या कापडावर थेंब गोळा होऊन घरंगळण्याऐवजी पसरू लागले, म्हणजे वरचा पाणी झटकणारा लेप मंदावला असे समजावे. अशा वेळी, शिवणीजवळच्या सूचनापट्टीवर इस्त्रीची परवानगी दिलेली असेल तर, वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवल्याने तो बराचसा जागा होतो. राजगडाहून आल्यावर मी माझ्या राखाडी जॅकेटला तशी इस्त्री केली आणि पुढच्या रविवारी सिंहगडावर थेंब पुन्हा घरंगळताना पाहिले. घाम मात्र तेवढाच आला. काखेत चेन असलेले नारिंगी जॅकेट घेण्यासाठी येत्या शनिवारी मी भाचीला बरोबर घेऊन जाणार आहे.