तुम्ही विचारलंत म्हणून: विघटनाचा एकच आकडा मी का देत नाही

रत्नागिरीतले माझे विद्यार्थी असोत की लोटे-परशुरामच्या कारखान्यांतले रसायनतज्ज्ञ, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "सर, हे कोऑर्डिनेशन संयुग नेमके किती अंशांना मोडते?" (कोऑर्डिनेशन संयुग म्हणजे मध्यभागी धातू आणि त्याला जोडलेले रेणू किंवा आयन, म्हणजेच लिगँड.) मी "कोणत्या वायूत?" असे विचारले की उत्तर टाळतो आहे असा समज होतो, आणि तो समज आता मला सहन होत नाही.

निकेल ऑक्झलेट डायहायड्रेट घ्या. ही फिकट हिरवी पूड तापवली की आधी पाणी निघून जाते, म्हणजे वजनाचे 19.7 टक्के. पुढे नायट्रोजनच्या प्रवाहात ऑक्झलेट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि मागे धातुरूप निकेल उरते, मूळ वजनाच्या 32.1 टक्के. हवेत मात्र निकेल ऑक्साइड होते आणि अवशेष 40.9 टक्के भरतो.

एका विद्यार्थिनीच्या तोंडी परीक्षेत हाच फरक कोणी मानला नाही. तिच्या थर्मोग्रामवर, म्हणजे तापवताना वजन कसे घटते त्याच्या आलेखावर, अवशेष 32 टक्क्यांच्या आसपास होता. परीक्षक म्हणाले की ऑक्साइड 41 टक्के यायला हवे, तेव्हा तुमचे संयुग अशुद्ध आहे. तिने नायट्रोजनची नोंद दाखवली. नायट्रोजनमध्येच थंड करून बंद केलेली अवशेषाची कुपी तिने सोबत आणली होती; बाहेरून चुंबक लावताच काळे कण काचेवर चढले, आणि ऑक्साइड असे चढत नाही. "चुंबक शुद्धता सिद्ध करत नाही," असे उत्तर मिळाले. मी बोललो, तर मार्गदर्शकाने मध्ये बोलू नये असे सुनावण्यात आले. तिला सगळे मोजमाप पुन्हा करावे लागले, तेही भर पावसाळ्यात, जेव्हा आमच्या डेसिकेटरमधली, म्हणजे नमुने कोरडे ठेवण्याच्या बंद भांड्यातली, निळी सिलिका जेल बघता बघता गुलाबी होते. दोन्ही वायूंत दोन्ही आकडे जसेच्या तसे आले, पण तोवर तिचा संशोधनातला रस गेला होता आणि तिने ते सोडले.

परीक्षकांचे ते वाक्य अगदीच पोकळ नव्हते, हेही मला मान्य करावे लागते. चुंबक फक्त अवशेषात धातू आहे एवढेच सांगतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पूड ओल धरते, आलेखावरची पहिली पायरी, म्हणजे पाण्याची घट, 19.7 टक्क्यांच्या वर जाते, आणि मग अशुद्धतेची शंका रास्तच ठरते.

राहिले तापमान. मिनिटाला 5 अंशांऐवजी 20 अंशांनी तापवले तर तीच पायरी वरच्या तापमानाला दिसते. कॅल्शियम ऑक्झलेटचा शेवटचा टप्पा, ज्यात कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो, भोवती तोच वायू असला की आणखी वर सरकतो. नमुन्याचे वजन, कणांचा आकार, क्रुसिबलचे (नमुना तापवायच्या छोट्या भांड्याचे) झाकण, सगळ्याचा परिणाम होतो.

पूर्वी मी वर्गात 'विघटन तापमान' असा रकाना लिहून देत असे, कारण शिकणाऱ्याला धरायला काहीतरी हवे, असे मला वाटत असे. तेव्हाच्या त्या शिक्षकाशी मी अजून वाद घालतो आणि तो हरत नाही. अटींची यादी ऐकून विद्यार्थी गोंधळतात, हे त्याचे म्हणणे खरेच आहे. म्हणून आकडा हवाच असेल तर देईन, पण त्याच ओळीत वायू, तापवण्याचा वेग आणि नमुन्याचे वजन लिहून घ्यावे लागेल. अमाइन लिगँड (नायट्रोजनमधून धातूला जोडला जाणारा) आणि परक्लोरेट (ऑक्सिजन पुरवणारा आयन) एकाच संयुगात असतील, तर मात्र अमुक अंशांपर्यंत सुरक्षित असे माझ्याकडून कोणालाही ऐकायला मिळणार नाही, कारण अशी संयुगे तापवल्यावर स्फोट होऊ शकतो.