नंबर ९६ : पहिले भाग पाहून

आजचा दिवस 'नंबर ९६'च्या सुरुवातीच्या भागांत गेला. १३ मार्च १९७२ला रात्री साडेआठला ऑस्ट्रेलियात ही मालिका सुरू झाली. आठवड्याला पाच भाग, प्रत्येक अर्ध्या तासाचा. त्या काळी संध्याकाळच्या मुख्य वेळेत हा रतीब घालणं सोपं नव्हतं.

उत्तर सोपं होतं: सिडनीतली एकच इमारत. वर फ्लॅट, खाली दुकानं. ठरावीक सेट, पात्रं जिन्यात भेटणार आणि बातमी डेलीच्या (तयार खाद्यपदार्थांच्या दुकानाच्या) काउंटरवर फुटणार. बाहेरच्या चित्रीकरणाचा खर्च वाचला, लिखाणाचा वेग टिकला.

गाजावाजा नग्नतेचा झाला. खरं धाडस मात्र डॉन फिनलेसनच्या पात्रात आहे. डॉन हा समलिंगी वकील; त्याच्यावर भाळलेल्या बेव्हला हे उशिरा कळतं. डॉनला हास्यास्पद किंवा दुष्ट केलेलं नाही, तो शेजाऱ्यांचा भरवशाचा माणूस आहे. १९७२मध्ये हे लिहिणाऱ्या डेव्हिड सेल यांना मनापासून दाद.

पाहताना एक लक्षात ठेवा. कृष्णधवल काळातले बहुतेक भाग उरलेलेच नाहीत. दोन इंची व्हिडिओ टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरली जाई. त्यामुळे कथेत मोठ्या उड्या येतात. धागा तुटला तर दोष लेखकाचा नाही. आधी रहिवाशांची यादी करून ठेवा, कोण कोणत्या फ्लॅटमध्ये ते. डॉरी आणि हर्ब इव्हान्स, ॲल्डो, व्हेरा ही नावं पक्की झाली की हरवलेले दुवे बरेचसे संवादांतूनच जुळतात.