मेली असं धरलेली मादी

सेशेल्समधलं कझिन बेट फक्त 29 हेक्टरचं. तिथे सेशेल्स वॉर्बलर नावाचा साधा तपकिरी पक्षी राहतो, हिवाळ्यात आपल्याकडे झुडपात चक चक करणारा ब्लाइथ्स रीड वॉर्बलर त्याचाच जातभाई. 1960 च्या दशकात हे जगात जेमतेम तीसेक उरले होते, तेही सगळे याच बेटावर. 1968 मध्ये संवर्धनासाठी बेट विकत घेतलं, नारळ हटवून मूळचं जंगल वाढू दिलं, म्हणून आज आहेत.

मी तिथे फील्डवर्कला होते ते रिंगा वाचायला. प्रत्येक पक्ष्याच्या पायात ओळखीसाठी एक धातूची, तीन रंगीत, प्रत्येकाचं कॉम्बिनेशन वेगळं. पक्षी पिसोनियाच्या झाडांच्या पानांखालचे किडे टिपत सतत हलत असतो, आपण मान वर करून दुर्बीण लावलेली आणि पायाखाली शीअरवॉटर या समुद्रपक्ष्याची बिळं, पाय चुकला की बीळ ढासळलंच, त्यात जुन्या रिंगांचे रंग विटलेले. तिन्ही रंग नीट दिसल्याशिवाय मी वहीत काही लिहायचे नाही आणि याचा मला अभिमान आहे. कारण हे पक्षी बेट सोडून जवळजवळ जातच नाहीत, त्यामुळे इथे जो दिसला नाही तो मेला असं धरतात. जगण्याचे सगळे आकडे यावर उभे आहेत. पैसे देणाऱ्यांना मात्र दर वेळी काहीतरी नवीन हवं असतं, वर्षानुवर्षं नुसतं मोजत राहण्याची किंमत त्यांना कळत नाही.

तर एका टेरिटरीतली, म्हणजे एका जोडीच्या हद्दीतली म्हातारी मादी गेल्या सीझनला कुणालाच दिसली नव्हती. तिच्या जागी तिची मुलगी बसलेली, घरट्यात एक पिल्लू. घरट्यावर नजर ठेवून होते तर चोचीत किडा घेऊन तिसराच पक्षी आला, पिल्लाला भरवून खालच्या फांदीवर टेकला आणि रिंगा स्वच्छ दिसल्या. तीच होती, म्हातारी!

जागा गेलेल्या आया मुलीच्या घरट्यात मदतनीस होतात हे अभ्यासात नोंदलेलं आहे, मी वाचलंही होतं, पण डोळ्यांसमोर बघून हात थरथरायला लागले. मग वर्षभर ती होती कुठे? आणि पिल्लू नक्की कुणाचं? कारण मदतनीस माद्याही कधी कधी त्याच घरट्यात अंडं घालतात, म्हणजे नातवंड म्हणावं तर ते तिचं स्वतःचंही असू शकतं. बापाचा तर भरवसाच नाही, साधारण 40 टक्के पिल्लांचा बाप बाहेरचा निघतो.

पिल्लाच्या पंखाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतला, तो डीएनए तपासायला लॅबला गेला. रिझल्ट यायच्या आत माझा सीझन संपला, पण त्या पिल्लाची आई कोण हे मला अजून जाणून घ्यायचंय.