गूळ बरा की साखर? आधी प्रश्न नीट मांडा

कोल्हापुरात आहाराबद्दल कुठंही बोलायला उभं राहिलं, की पहिला प्रश्न ठरलेला: साखर सोडून गूळ धरला तर चालेल का? ज्या गुळाला जीआय मानांकन आहे, तो गूळ जिथं तयार होतो तिथं हा प्रश्न येणारच. पण अख्ख्या लोकसंख्येसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना ठरवायच्या असतील, तर असा प्रश्न घेऊन पुरावे शोधायला बसण्यात अर्थ नाही. बरा म्हणजे कशासाठी? वजन, दात, हिमोग्लोबिन? कुणाला? आणि कशाच्या तुलनेत?

यातलं ‘कशाच्या तुलनेत’ सगळ्यात जास्त घोळ घालतं. औषधाच्या ट्रायलमध्ये दुसऱ्या गटाला खोटी गोळी देता येते. जेवणात मात्र एक पदार्थ काढला की त्याच्या जागी दुसरं काहीतरी पोटात जातंच. साखर आणि वजन यांवरचा एक पद्धतशीर आढावा (सिस्टिमॅटिक रिव्ह्यू: एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरल्या पद्धतीनं शोधून काढलेला निष्कर्ष) 2013 साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. जागतिक आरोग्य संघटनेनं पुढं त्याचाच आधार घेतला. बाकी हवं तेवढं खा, फक्त साखर कमी करा, असं सांगितलेल्या ट्रायलमध्ये मोठ्या माणसांचं वजन सरासरी 0.8 किलोनं उतरलं. साखर वाढवली तिथं 0.75 किलोनं चढलं. पण साखर काढून तेवढ्याच कॅलरीचं दुसरं पिष्टमय काही दिलं, तिथं वजन जागचं हललं नाही. गुळात मुख्यतः सुक्रोजच असतं. म्हणजे चहात साखरेऐवजी तेवढाच गूळ घातला, तर वजनापुरती ती निव्वळ अदलाबदल. काकवी आणि मधही याच हिशोबात धरायचे.

म्हणून प्रश्न आधी कागदावर पक्का करायचा: कोणती माणसं, काय बदल, कशाच्या तुलनेत, कोणता परिणाम. परिणामांचा क्रमही आधीच लावायचा, आणि हा प्रोटोकॉल शोध सुरू करण्यापूर्वी प्रॉस्पेरो या रिव्ह्यूंच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवायचा. आकडे बघितल्यावर ‘वजनात फरक दिसत नाही, मग कंबरेचा घेर घेऊया’ असं म्हणायचा मोह भल्याभल्यांना होतो. शोधासाठी पबमेड हा वैद्यकीय पेपरांचा एकच साठा पुरत नाही. एम्बेस हा दुसरा साठा आणि रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रेन संस्थेची सेंट्रल ही ट्रायलची नोंदवही लागतेच. अभ्यासांची निवड दोघांनी एकमेकांचं न बघता करायची, मतभेद तिसऱ्यानं सोडवायचा. अर्थात तुमच्या प्रश्नावर कुणी ताजा, चांगला रिव्ह्यू केलेला असेल, तर हे काही करू नका. अ‍ॅमस्टार 2 या रिव्ह्यूचा दर्जा तपासणाऱ्या प्रश्नावलीवर तो तपासा आणि वापरा.

खरी पडझड होते ती आकडे उतरवताना. मिठाचंच बघा. एक पेपर सोडियम मिलिमोलमध्ये देतो, दुसरा मिलिग्रॅममध्ये, तिसरा थेट मिठाचे ग्रॅम. 100 मिलिमोल सोडियम म्हणजे 2300 मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास 5.8 ग्रॅम मीठ. सोडियमला 2.5 नं गुणलं की मीठ येतं, पण तक्त्यात कोणता रकाना कशाचा हे न बघता गुणलं तर सगळं फसलं. याहून वाईट चूक म्हणजे स्टँडर्ड एररला (सरासरी किती अनिश्चित आहे) स्टँडर्ड डेव्हिएशन (माणसामाणसांत किती फरक आहे) समजणं. गटात 100 माणसं असतील तर डेव्हिएशन एररच्या दहापट असतं. चुकून एरर भरली, की सगळ्या ट्रायलचे आकडे एकत्र करणाऱ्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये त्या ट्रायलला मिळणारं महत्त्व शंभरपट होऊ शकतं आणि एकटी तीच अख्खा निकाल ओढून नेते. फॉरेस्ट प्लॉटवर, म्हणजे प्रत्येक ट्रायलचा निकाल एका रेषेनं दाखवणाऱ्या आकृतीत, एखाद्याच रेषेची लांबी संशयास्पद आखूड दिसली, तर आधी मूळ पेपर उघडा. एकाच ट्रायलचे तीन पेपर तीन ट्रायल म्हणून मोजले जातात, तेही याच टप्प्यावर पकडायचं.

मग ग्रेड या पुराव्याला पायऱ्या लावणाऱ्या पद्धतीनं त्याची खात्री ठरते: उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. ट्रायल वरून सुरू होतात, निरीक्षणात्मक अभ्यास खालून. पक्षपाताचा धोका, निकालांतली विसंगती, प्रश्नाशी थेट संबंध नसणं, अंदाजाचा पट्टा रुंद असणं, छापून न आलेले अभ्यास, या पाच कारणांनी पायरी उतरते. आहारवाले या उतरंडीवर कुरकुर करतात, कारण वीस-वीस वर्षांच्या ट्रायल जेवणावर होत नाहीत. कुरकुर रास्त आहे. पण फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरची बीटा-कॅरोटीनची ट्रायल आठवा. निरीक्षणं सांगत होती कॅन्सर कमी होईल. 1994 च्या निकालात फुप्फुसाचा कॅन्सर गोळ्या घेणाऱ्यांत 18 टक्के जास्त निघाला.

रिव्ह्यू इथं संपतो, शिफारस अजून झालेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या साखरेच्या गाइडलाइनमध्ये मुक्त शर्करा (वरून घातलेली साखर, शिवाय मध आणि फळांच्या रसातली) एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत, ही शिफारस ठाम आहे. 5 टक्क्यांच्या आत, ही सशर्त, म्हणजे परिस्थिती बघून ठरवायची, कारण तिचा आधार दातांच्या किडीचे लोकसंख्या पातळीवरचे मोजके अभ्यास आणि खात्री अतिशय कमी. 2000 कॅलरीच्या आहारात हे अनुक्रमे 50 आणि 25 ग्रॅम. दिवसात चार कप चहा, कपाला दोन चमचे, की 25 तिथंच ओलांडले. वर्तमानपत्रात मात्र दोन्ही आकडे एकाच तोऱ्यात छापले जातात.

मिठाचं उदाहरण आपल्यासाठी जास्त कामाचं. कमी सोडियमच्या, पोटॅशियम मिसळलेल्या मिठावर कॉक्रेनच्या 2022 च्या रिव्ह्यूत 26 ट्रायल आणि सुमारे 35 हजार प्रौढ होते. मुलं फक्त 92. वरचं ब्लडप्रेशर सरासरी 5 मिमी पाऱ्याच्या आसपास उतरलं. चीनमधल्या 600 गावांतल्या ट्रायलमध्ये पक्षाघाताचं प्रमाण वर्षाला हजार माणसांमागे साध्या मिठाच्या गटात 33.65, तर या मिठाच्या गटात 29.14 होतं. टक्केवारीत ही घट सुमारे 14 सांगितली जाते, पण नियोजनासाठी हजारी आकडाच मागा. तरीही जानेवारी 2025 मधली जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सशर्तच आहे, आणि ती घरी वापरायच्या मिठापुरती. गर्भवती, मुलं आणि किडनीचे रुग्ण तिच्यातून वगळलेत.

मग कोल्हापूरला हे लागू पडतं का? घरचं मीठ, कांदा-लसूण मसाला, लोणचं, पापड: इथं मीठ आपल्याच हातानं पडतं, त्या चिनी गावांसारखंच. मिसळीच्या गाडीवरचा कट शिफारशीबाहेर. अडचण वेगळीच आहे: किडनी नीट चालत नसेल, तर या मिठातलं पोटॅशियम अंगात साठू शकतं. त्या ट्रायलमध्ये घरातल्या कुणालाही किडनीचा गंभीर आजार असेल किंवा पोटॅशियम साठवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते घरच घेतलं नव्हतं. आपल्याकडं अनेकांची क्रिएटिनिन ही किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी कधीच झालेली नसते आणि आमटी सगळ्यांची एकाच पातेल्यात शिजते. त्यामुळं तालुका पातळीवर हे मीठ सुचवायचं झालं, तर आशाताईंच्या कागदावर पहिली ओळ मिठाची नको. घरात डायबेटिस किंवा बीपीच्या गोळ्या कोण घेतं आणि त्यांचं क्रिएटिनिन शेवटचं कधी बघितलं, ही हवी.